परग्रहावरच्या प्रजातीची लिंगव्यवस्था कशी रचावी: विज्ञानकथेच्या नवलेखकांसाठी मार्गदर्शन

विज्ञानकथा नव्याने लिहू लागलेल्यांची हस्तलिखिते वाचायला येतात, तेव्हा एक गोष्ट वारंवार आढळते. परग्रहावरच्या प्रजातीला सिलिकाचे कवच असते, चार हृदये असतात, विद्युत्लहरींनी बोलण्याची सोय असते. पण त्याच प्रजातीतले नर पराक्रमी असतात, माद्या हळव्या असतात, आणि लेखकाने फारच धाडस केले असेल तर एक 'तिसरे लिंग' असते, ज्याचे नेमके काम काय हे लेखकालाही सांगता येत नाही. कवचावर आठवडाभर विचार करणारा लेखक या बाबतीत मात्र आपल्या घरातली आणि गल्लीतली व्यवस्था जशीच्या तशी उचलून दुसऱ्या सूर्याखाली नेऊन ठेवतो. कल्पनाशक्ती कमी पडते म्हणून हे होते असे मला वाटत नाही. शरीर काय करते, समाज कोणते गट पाडतो आणि कथा सांगणारी भाषा त्या गटांना कसे संबोधते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते एकाच वेळी सोडवायला घेतले की गोंधळ होतो. खालील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत. मराठीत लिहिणाऱ्याला तिसरा प्रश्न सर्वांत जड जातो, म्हणून त्या पायरीला अधिक जागा दिली आहे.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ ठेवायच्या गोष्टी

- एक वही किंवा संगणकावरचा साधा तक्ता. त्याची तीन वेगळी पाने करा: शरीर, समाज, भाषा.
- एका व्यक्तीचा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा जीवनपट, एका आडव्या रेषेवर काढलेला.
- दहावी-बारावीच्या पुस्तकांतले प्रजननाचे प्रकरण. पुष्कळ लेखक ते शाळेत घाईघाईने उरकतात आणि पुन्हा उघडत नाहीत.
- मराठी व्याकरणाचे एखादे चांगले पुस्तक, विशेषतः त्यातले 'प्रयोग' हे प्रकरण.
- प्रजातीविषयी आधी काहीही न सांगता कथा वाचायला देता येतील असे दोन वाचक.

उदाहरणादाखल मी 'इरुण' नावाची एक काल्पनिक प्रजाती घेतली आहे. ते उथळ समुद्रातल्या उष्ण झऱ्यांभोवती वस्ती करून राहतात. बाकीचे तपशील पायरीपायरीने भरू.

पायरी १: जननपेशीपासून सुरुवात करा

जीवशास्त्रात नर आणि मादी ही नावे शिंगांवरून, अंगलटीवरून किंवा आवाजावरून पडत नाहीत. लहान आणि पुष्कळ जननपेशी तयार करतो तो नर, मोठ्या आणि मोजक्या तयार करते ती मादी, एवढाच तो निकष आहे. समुद्रघोड्यात पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणारा नरच असतो, कारण शुक्रपेशी त्याच्या असतात. ब्राझीलमधल्या गुहांत राहणाऱ्या निओट्रोग्ला या किटकांत तर मैथुनासाठी आत शिरणारा अवयव मादीला असतो. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हाही त्यांच्या माद्यांना माद्याच म्हटले गेले, कारण अंडी त्यांचीच होती.

तेव्हा पहिल्या पानावर एवढेच लिहा की तुमच्या प्रजातीत जननपेशी किती प्रकारच्या आहेत आणि त्या कोण तयार करते. येथे पर्याय पुष्कळ आहेत. गांडूळ आणि बागेतली गोगलगाय यांच्यात प्रत्येक प्राणी दोन्ही प्रकारच्या पेशी तयार करतो. पपईच्या बागेत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तिन्ही झाडे उगवतात, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतल्या काही व्हिपटेल सरड्यांच्या जातींत नर अजिबात नसतात. माद्या फलनाशिवाय अंडी घालतात, आणि तरीही एकमेकींशी मीलनासारखे वर्तन करतात. क्लॅमिडोमोनास या शैवालात तर सगळ्या जननपेशी एकाच आकाराच्या असल्यामुळे नर-मादी ही भाषाच लागू पडत नाही. तेथे फक्त 'धन' आणि 'ऋण' असे दोन जुळणी-प्रकार असतात. जुळणी-प्रकार दोनच असावेत असाही नियम नाही. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात ते सात आहेत, आणि शिझोफायलम या लाकडावर उगवणाऱ्या बुरशीत वीस हजारांहून अधिक.

या शेवटच्या आकड्याने हुरळून जाण्याआधी थोडे गणित करा. जुळणी-प्रकार दोन असतील, तर वाटेत भेटणाऱ्यांपैकी निम्मेच चालतात. ते वीस हजार असतील, तर जवळजवळ कोणीही चालतो. म्हणजे प्रकार वाढले की जोडीदाराचा शोध सोपा होतो. 'आमच्यात वीस हजार लिंगे आहेत, म्हणून जोडीदार मिळणे महाकठीण' असे लिहिणाऱ्या लेखकाने गणित उलटे केलेले असते.

*येथला सापळा: कामाविना तिसरे लिंग.* तीन जननपेशी एकत्र आल्याशिवाय संतती होत नाही असे ठरवले, तर तिघे एका वेळी एका ठिकाणी जमले पाहिजेत, आणि विरळ वस्तीत ही अट प्रजातीच्या मुळावर येते. ती परवडावी असे काहीतरी कारण तुम्हाला द्यावे लागेल. दाट वस्ती, ठरलेला ऋतू, समुद्राची भरती, काहीही चालेल. तिसरा घटक केवळ गर्भ वाढवतो, स्वतःची गुणसूत्रे देत नाही असे ठरवले, तर तो हे काम का करतो याचे उत्तर द्या. पृथ्वीवर या प्रश्नाचे एक गमतीदार उत्तर आहे. पोगोनोमर्मेक्स या मुंग्यांच्या काही वंशांत राणीला दोन वेगळ्या वंशांच्या नरांशी मीलन करावे लागते. एका प्रकारच्या नरापासून नव्या राण्या होतात आणि दुसऱ्यापासून कामकरी. दोघांपैकी एक जरी नसला, तरी वारूळ चालत नाही. तिघांची गरज कशी निर्माण होऊ शकते याचा हा खराखुरा नमुना आहे.

इरुणांसाठी मी मुद्दाम साधा पर्याय निवडतो: जननपेशी दोनच प्रकारच्या. गुंतागुंत पुढच्या पायरीत येईल.

पायरी २: लिंग कशाने ठरते आणि केव्हा बदलते, याचा जीवनपट काढा

माणसात लिंगाचा पाया गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रांनी घातला जातो, म्हणून आपण तोच नियम सर्वत्र धरून चालतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्या अंड्यांतून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९ अंशांच्या वर वाळू तापली की माद्या वाढतात, खाली असली की नर. असा नियम असलेली प्रजाती दोन सूर्यांच्या ग्रहावर ठेवली, तर उन्हाळ्यातल्या पिढ्या आणि हिवाळ्यातल्या पिढ्या यांचे राजकारणच वेगळे होईल. बोनेलिया या समुद्री कृमीत ते स्पर्शावर ठरते: डिंभक (अळीची अवस्था) मोकळ्या तळावर बसला तर बहुधा मादी होतो, मादीच्या अंगावर बसला तर सूक्ष्म नर होऊन तिच्या शरीरात राहतो.

कथेच्या दृष्टीने याहून उपयोगी आहेत ते आयुष्याच्या मध्यावर लिंग बदलणारे मासे. समुद्रफुलाच्या आश्रयाने राहणाऱ्या विदूषक माशांच्या गटात सर्वांत मोठी ती मादी असते, दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर असतो, आणि बाकीचे प्रजननाविना रांगेत थांबलेले असतात. मादी मेली की नर मादी होतो आणि तिसऱ्या क्रमांकाचा नर होतो. वरच्याला धोका वाटू नये म्हणून रांगेतला प्रत्येक मासा आपली वाढ आटोक्यात ठेवतो. कॅरिबियन समुद्रातल्या निळ्या डोक्याच्या रास माशांत हा प्रवास उलटा होतो. प्रमुख नर नाहीसा झाला की सर्वांत मोठी मादी त्याची जागा घेते, आणि येथे लेखकाने थांबून पाहावे असा तपशील आहे: तिचे वागणे काही तासांतच नरासारखे होते, शरीर बदलायला मात्र आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे सामाजिक भूमिका आधी येते आणि देह तिच्या मागून येतो. अशा दोन तारखांच्या मधले आठ दिवस ही स्वतंत्र कथा आहे.

इरुणांना मी विदूषक माशाचा जीवनपट देतो. जन्मतः कोणीही नर वा मादी नसतो. झऱ्याभोवती एक रांग असते. वरच्या दोघांची जोडी असते, त्यांतली पहिली मादी आणि दुसरा नर. पहिली गेली की प्रत्येक जण एक पायरी वर सरकतो.

*येथला सापळा: जीवनपट काढल्यावर तो तपासायचा राहतो.* इरुणांची पिल्ले त्याच झऱ्यावर वाढली, तर मादी मेल्यावर बाप मादी होईल आणि त्याचा जोडीदार म्हणून त्याचेच अपत्य पुढे येईल. चाणाक्ष वाचक हे पहिल्या पानावरच पकडतो. विदूषक माशांत ही अडचण येत नाही, कारण अंड्यांतून निघालेली पिल्ले समुद्रात वाहून जातात आणि दुसरीकडे वस्तीला लागतात. रांगेतले मासे सहसा एकमेकांचे नातलग नसतात. इरुण बुद्धिमान आहेत, तेव्हा त्यांनी यासाठी रिवाज केलेला असेल: प्रत्येक पिल्लू ठरावीक वयात दुसऱ्या झऱ्यावर पाठवले जाते आणि तेथल्या रांगेत सर्वांत शेवटी उभे राहते. पाहता पाहता एका जैविक अडचणीतून पाठवणी, पाहुणचार, झऱ्याझऱ्यांमधले करार आणि तक्रारी असे सारे जग तयार झाले. अडचण दिसली की जीवशास्त्रात पळवाट शोधू नका. आधी तिच्यातून संस्कृती निघते का ते पाहा.

पायरी ३: खर्चाचा हिशेब मांडा

कोण किती काळ, किती अन्न आणि किती जोखीम घालून पिल्लू वाढवते, हे एका ओळीत लिहा. समाजातल्या बऱ्याच चालीरीती या ओळीतून निघतात. आपल्याकडच्या तळ्यांवर दिसणाऱ्या कमळपक्ष्यांत मादी मोठी असते, हद्दीसाठी भांडते आणि अनेक नरांशी जोडी जमवते. कमळाच्या पानावर अंडी उबवत बसतो तो नर. त्या पक्ष्यांना भाषा असती, तर 'नरासारखे घरकोंबडे' ही शिवी झाली असती.

संख्येचाही हिशेब करा. प्रत्येक अपत्याला एक आई आणि एक बाप असतो. त्यामुळे जे लिंग कमी असेल, त्याच्या वाट्याला सरासरीने अधिक संतती येते आणि प्रमाण पुन्हा समसमान होऊ लागते. जनुकशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हा युक्तिवाद १९३० मध्ये मांडला. 'दहा माद्यांमागे एक नर' असे लिहायचे असेल, तर हा समतोल कशामुळे मोडला ते सांगा. उंबराच्या फळात तो मोडलेला असतो: आतल्या गांधीलमाशीसारख्या चिमुकल्या किटकांत बिनपंखी नर फळातच जन्मून फळातच मरतात, तेथल्याच माद्यांशी त्यांचे मीलन होते, आणि म्हणून थोड्याच नरांवर काम भागते. मधमाश्यांचे पोळे हेही आवडते उदाहरण आहे. मात्र कामकरी माश्या माद्या असतात एवढ्यावरून त्याला 'स्त्रीराज्य' म्हणू नका. फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, त्याला बाप नसतो, आणि याच विचित्र वंशगणितामुळे सख्ख्या बहिणी एकमेकींच्या फार जवळच्या नातलग ठरतात. तुमची प्रजाती पोळ्यासारखी हवी असेल, तर तिला हे गणित किंवा त्याच्या तोडीचे दुसरे कारण द्या.

पायरी ४: समाजाचे गट वेगळ्या पानावर लिहा

आता दुसरे पान उघडा आणि पहिले मिटून ठेवा. शरीराचे प्रकार आणि समाजाचे गट यांची संख्या सारखी असलीच पाहिजे असे नाही. माणसांतही ती सारखी नसते. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या बुगिस समाजात परंपरेने पाच लिंगभाव, म्हणजे समाजाने मानलेले लिंगाचे गट, मानले जातात, आणि त्यांतल्या बिस्सूंकडे धार्मिक विधींचे काम असते. उत्तर अल्बानियात एखादी स्त्री कायम अविवाहित राहण्याची शपथ घेऊन समाजात पुरुष म्हणून जगू शकत असे. तिला पुरुषांच्या बैठकीत स्थान आणि घराचे कर्तेपण मिळे. शरीर तेच राहिले आणि गट बदलला. म्हणूनच लिंग आणि लिंगभाव हे शब्द टिपणांत कटाक्षाने वेगळे ठेवा.

प्रत्येक गटासाठी तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. हा गट कोण ठरवते? तो ठरल्याने काय मिळते आणि काय जाते? त्यातून बाहेर पडता येते का, आणि पडल्यास लोक काय म्हणतात?

इरुणांची शरीरे तीन अवस्थांत असतात: अलिंगी, नर आणि मादी. त्यांच्या समाजात मात्र चार गट आहेत. 'पाठवणीचे' म्हणजे अजून रांगेत न शिरलेली पिल्ले. 'रांगेतले', ज्यांची ओळख म्हणजे त्यांचा क्रमांक. 'जोडीतले', ज्यांत नर आणि मादी दोघेही येतात, कारण इरुणांच्या लेखी त्या दोघांत फारसा फरक नाही. आज जो नर आहे तो उद्याची मादी आहे. आणि 'रांग सोडलेले', जे झऱ्याझऱ्यांमधून निरोप पोहोचवतात आणि कधीच प्रजनन करत नाहीत. आपल्याला जो भेद मूलभूत वाटतो, तो त्यांना किरकोळ वाटतो. त्यांना जिव्हारी लागणारा भेद आहे तो चौथ्या आणि पाचव्या क्रमांकातला.

*येथला सापळा: सगळा ग्रह एकमताचा असणे.* एका ग्रहावर अब्जावधी जीव आणि सर्वांची प्रथा एकच, हे पटत नाही. दुसऱ्या समुद्रातले इरुण रांग मानत नसतील, क्रमांक विकत घेत असतील किंवा रांग सोडलेल्यांना अपशकुनी समजत असतील. कथेत ते सारे यायला नको, पण असा दुसरा समुद्र आहे हे एखाद्या पात्राला ठाऊक असावे.

पायरी ५: नात्यांची नावे तपासा

ही पायरी लहान आहे, परंतु मराठीत ती टाळून चालत नाही, कारण आपली नाती बाजू आणि लिंग यांवर उभी आहेत. समजा, आथर जोडीत दुसऱ्या क्रमांकावर होता तेव्हा कोरुचा जन्म झाला, आणि पहिल्या क्रमांकावर गेल्यावर नेहमचा. कोरुच्या लेखी आथर हा बाप आहे आणि नेहमच्या लेखी आई. आथरचे भावंड कोरुचे काका होईल आणि नेहमचे मामा. कोरु आणि नेहम वेगवेगळ्या झऱ्यांवर वाढले. आथरच्या मृत्यूनंतर दोघे प्रथमच समोरासमोर आले, आणि एक 'बाबा गेले' म्हणतो तेव्हा दुसरे पात्र कोणाविषयी बोलणे चालले आहे याचा शोध घेत राहते. त्याच वेळी आथरच्या झऱ्यावर मात्र प्रत्येकाची एक पायरी बढती झालेली असते, आणि शोक व अभिनंदन एकाच दिवशी करायचे असतात.

इरुण स्वतः 'आई' आणि 'बाप' असे दोन शब्द वापरतील असे मला वाटत नाही. पालक, अपत्य, भावंड हे शब्द मराठीत तयार आहेत आणि लिंग उघड करत नाहीत. कथेत त्यांचा आधार घ्या. 'भावंड' हा तर विज्ञानकथाकाराला लाभलेला ठेवा आहे.

पायरी ६: मराठी वाक्याचा निर्णय पहिल्या परिच्छेदाआधी घ्या

इंग्रजी लेखकापुढे मुख्यतः सर्वनामाचा प्रश्न असतो. अर्सुला ल गिन यांनी १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीत महिन्यातला बहुतेक काळ अलिंगी असणाऱ्या लोकांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरले, आणि त्यावर झालेल्या टीकेची दखल पुढे स्वतःच्या लेखात घेतली. अ‍ॅन लेकी यांनी २०१३ च्या 'अँसिलरी जस्टिस'मध्ये सर्वांनाच स्त्रीलिंगी सर्वनाम दिले. मराठीत एवढ्याने भागत नाही, कारण आपल्याकडे क्रियापद आणि विशेषणसुद्धा लिंग बोलून दाखवते. 'आथर हसला' लिहिले की निर्णय झाला; 'आथर हसली' लिहिले की दुसरा झाला. मागच्या पायरीत मी स्वतः 'आथर होता' लिहिले आहे, कारण तेव्हा तो नर होता. संपूर्ण कथेत असे लिहिणे परवडेल का, हे आधी ठरवा.

चार मार्ग आहेत.

*पहिला मार्ग: जीवनपटाप्रमाणे लिंग बदलणे.* आथर पहिल्या प्रकरणात 'तो' आणि पाचव्यात 'ती'. वाचकाला हे समजते, पण त्यामुळे प्रत्येक वाक्य शरीराकडे बोट दाखवत राहते. इरुणांना स्वतःला जो भेद किरकोळ वाटतो, तोच भाषा ओरडून सांगते. निवेदक माणूस असेल आणि त्याची ही मर्यादा दाखवायची असेल, तर मात्र हा मार्ग उत्तम आहे.

*दुसरा मार्ग: नपुसकलिंग.* 'ते आले, ते हसले.' व्याकरणदृष्ट्या हे निर्दोष आहे, पण मराठी कानाला प्रौढ व्यक्तीसाठी ते लाडाचे वाटते किंवा तुच्छतेचे. 'पोरगं आलं' गोड वाटते, 'ते ध्यान आलं' वाटत नाही. शिवाय 'ते आले' हे आदरार्थी पुल्लिंगी रूपही आहे, आणि एकवचनात 'त्याने', 'त्याला' म्हटले की नपुसकलिंग आणि पुल्लिंग यांतला फरकच नाहीसा होतो. या मार्गाचा नेमका उपयोग एका ठिकाणी होतो. गोव्याच्या कोंकणीत तरुण मुलीविषयी नपुसकलिंगात बोलतात, म्हणजे शेजारच्या भाषेत व्याकरणाचे लिंग वयाप्रमाणे बदलण्याची सोय आधीपासून आहे. इरुणांच्या 'पाठवणीच्या' पिल्लांना नपुसकलिंग द्या आणि रांगेत शिरल्यावर ते काढून घ्या. न सांगता वाचकाला कळेल की काहीतरी बदलले.

*तिसरा मार्ग: लिंग न सांगणारी वाक्यरचना.* मला स्वतःला हा मार्ग आवडतो, जरी तो कष्टाचा आहे. मराठीत अशा जागा पुष्कळ आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिलेले नसते.

- सकर्मक भूतकाळ: 'आथरने दार उघडले.' येथे क्रियापद दाराच्या मागे जाते, आथरच्या नाही.
- भविष्यकाळ: 'आथर जाईल', 'मी जाईन'.
- रीतिभूतकाळ: 'आथर रोज काठावर बसत असे.'
- अपूर्ण वर्तमान: 'आथर बोलत आहे.' मात्र 'बोलत होता' म्हटले की लिंग आले. तेथे 'आथरचे बोलणे चालू होते' असे वळण घ्यावे लागते.
- भावना आणि गरजा: 'आथरला हसू आले', 'मला जायचे आहे'.
- प्रथमपुरुषी अनेकवचन आणि आदरार्थी द्वितीयपुरुष: 'आम्ही आलो', 'तुम्ही आलात' ही रूपे स्त्रीपुरुष दोघांना चालतात; 'मी आलो' किंवा 'तू आलीस' ही चालत नाहीत.
- 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांच्याशी' ही रूपे लिंग सांगत नाहीत. 'ते' आणि 'त्या' सांगतात.
- न बदलणारी विशेषणे: हुशार, शांत, उंच, लाल. 'शहाणा' आणि 'मोठा' टाळा.

लहान कथेसाठी हा मार्ग पुरतो. दोनशे पानांच्या कादंबरीत मात्र वाचकाला लेखकाची कसरत दिसू लागते, कारण अकर्मक क्रियापदांचा भूतकाळ सतत टाळता येत नाही. पात्रे उठतात, बसतात, पडतात, मरतात.

*चौथा मार्ग: नवे सर्वनाम आणि नवे प्रत्यय घडवणे.* सर्वनाम घडवणे सोपे असते, पण त्याबरोबर क्रियापदाचा शेवटही घडवावा लागतो, आणि तिसऱ्या पानानंतर लेखकालाच तो आठवत नाही. संवादातल्या एखाद्या वाक्यापुरते ठीक आहे. संपूर्ण निवेदनासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

*येथला सापळा: नावे.* क्रियापदे सांभाळून नावे 'इरिकी' आणि 'तोर्वा' ठेवली, की वाचक ईकारावरून आणि आकारावरून लिंग ठरवून मोकळा होतो. व्यंजनान्त किंवा उकारान्त नावे तुलनेने सुरक्षित असतात.

पायरी ७: माणसाशी गाठ पडते ते ठिकाण जवळून दाखवा

लिंगव्यवस्था वाचकाला सांगायची जागा म्हणजे शास्त्रज्ञाचे व्याख्यान नव्हे. दोन व्यवस्था एकमेकींवर आपटतात अशी एखादी सामान्य जागा निवडा: दवाखाना, तुरुंगातली खोली, वारसाहक्काचा खटला, अवकाशस्थानकावरचा नोंदणीचा अर्ज. इरुणांपैकी कोणीतरी अर्जातल्या 'लिंग' या रकान्यापुढे 'चौथा' असे लिहिते. कारकून वैतागून सांगतो की येथे पर्याय निवडायचा असतो. उत्तर येते: "काल पाचवा लिहिले असते. आज सकाळी निरोप आला." कारकून निरोप कसला ते विचारत नाही, शिक्का मारतो आणि पुढच्याला हाक मारतो. मृत्यू, बढती, रांग आणि माणसाचे न पाहणे, हे सारे एका रकान्यात आले.

अर्ज लिहिताना मानवी बाजूही काळाप्रमाणे ठेवा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना तिसरे लिंग म्हणून कायदेशीर मान्यता दिली. तेविसाव्या शतकातल्या तुमच्या अर्जावर दोनच चौकोन असतील, तर मधल्या काळात काय घडले याचे उत्तर तुमच्याकडे असले पाहिजे. आणि एक विनंती: परग्रहावरच्या प्रजातीचे वर्णन करताना 'आपल्याकडच्या तृतीयपंथीयांसारखे' अशी तुलना करू नका. ती आपल्या समाजातली, हक्कांसाठी झगडलेली माणसे आहेत. त्यांना परक्या जीवशास्त्राचा नमुना करणे त्यांच्यावर अन्याय आहे, आणि कथेच्या दृष्टीनेही ती तुलना चुकीची ठरते, कारण तिच्यामुळे वाचक शरीर आणि समाज ही दोन पाने पुन्हा एकत्र करतो.

याच कारणासाठी शेवटच्या ओळीतला 'आणि कर्णधार स्त्री होती!' हा धक्का सोडून द्या. इरुणांच्या जगात त्या ओळीला धक्का म्हणून अर्थच नाही.

पायरी ८: न सांगता वाचून घ्या

कथा त्या दोन वाचकांना द्या आणि नंतर तीनच प्रश्न विचारा. कोणते पात्र कोणत्या लिंगाचे वाटले, आणि कोणत्या शब्दामुळे? या प्रजातीत लोक एकमेकांना कोणत्या गोष्टीवरून कमी लेखतात? पिल्लू कोण वाढवते? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात वाचक नेमके क्रियापद दाखवेल, त्याखाली रेघ मारा आणि पायरी ६ मधला पर्याय लावा. दुसऱ्याचे उत्तर 'माहीत नाही' आले, तर दुसरे पान तुमच्या वहीतच राहिले आहे, कथेत उतरलेले नाही. तिसऱ्या प्रश्नावर दोघांनीही विचार न करता 'आई' असे उत्तर दिले, तर पायरी ३ मधली ओळ पुन्हा काढा आणि ती कथेतल्या कोणत्या प्रसंगात दिसते ते शोधा. बहुतेक वेळा तो प्रसंग लिहायचाच राहिलेला असतो.